बिडाचा तवा : जड, साधा आणि घरच्या घरी पूर्ववत होणारा

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा विकत घेताना पहिली परीक्षा कानाने करावी. तवा त्याच्या एका कानाला (मुठीला) धरून अधांतरी ठेवावा आणि मध्यावर लाकडी उलथन्याने हलकेच वाजवून पाहावा. निकोप तवा खणखणीत वाजतो. ओतताना किंवा वाहतुकीत त्याला केसभर जरी चीर गेली असेल तरी आवाज बद्द येतो. आमच्या घरचा तवा असा वाजवूनच घेतलेला आहे, आणि रोजच्या वापरात तो पुरता मुरल्यानंतर मी हा अभिप्राय लिहीत आहे. स्वयंपाकघरात इतक्या कमी खर्चात इतकी चांगली घडवलेली दुसरी वस्तू मला माहीत नाही.

तवा दहा इंची आहे, बूड सपाट, काठ बोटभर उंच, दोन्ही बाजूंना ओतकामातच घडलेले कान, आणि वजन दोन किलोंच्या आसपास. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. लोखंडात कार्बनचे प्रमाण २ ते ४ टक्के असले की ते सुमारे ११५० ते १२०० अंश सेल्सिअसला वितळते. शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. या फरकामुळेच बीड वाळूच्या साच्यात सहज ओतता येते, आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांमध्ये वाहनांचे नाना तऱ्हेचे सुटे भाग याच रीतीने तयार होतात. आमच्या तव्यालाही ना जोड आहे, ना रिबिट, ना स्क्रू, ना मुलामा. सैल होण्यासारखे किंवा निघून येण्यासारखे त्यात काहीच नाही, आणि मला त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच वाटते.

त्याची खरी ओळख होते ती घावन करताना. बिडाची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच असल्यामुळे तो सावकाश तापतो आणि सुरुवातीला बर्नरच्या वर्तुळापुरताच गरम होतो. म्हणून मंद आचेवर पाच-सात मिनिटे धीर धरावा लागतो. एकदा तापला, की एवढ्या वजनात साठलेली उष्णता सहजासहजी उतरत नाही. अर्ध्या चिरलेल्या कांद्याने तेल फिरवून तांदळाचे पातळ पीठ कडेकडून आत ओतत यावे. पीठ पडताक्षणी चर्र आवाज होतो, तव्याची धग पडत नाही, आणि पिठातील पाण्याची वाफ एकदम सुटून घावनाला तळापासून वरपर्यंत जाळी पडते. झाकण ठेवून काढले की कडा आपोआप सुटलेल्या असतात आणि उलथने नुसते खाली सरकवले तरी पुरते. हलक्या, पातळ तव्यावर पहिले घावन बरे होते, पण पुढच्या प्रत्येक वेळी तवा गार पडतो आणि जाळी मिटत जाते. येथे दहावे घावन पहिल्यासारखेच उतरते. आंबोळी आणि धिरड्याचाही असाच अनुभव आहे. थालीपिठाला तर हा तवा विशेष मानवतो, कारण मध्ये भोक पाडून तेल सोडल्यावर ते मंद आचेवर बराच वेळ राहू शकते आणि न करपता खरपूस होते.

पोळ्यांसाठी मात्र मी हा तवा सुचवणार नाही. पोळी करताना आच घडोघडी कमी-जास्त करावी लागते आणि तवा त्या हुकमाबरोबर तापावा-निवावा लागतो. ते काम पत्र्याचा साधा लोखंडी तवाच चोख करतो.

तवा तयार करण्याविषयी अकारण धास्ती पसरलेली दिसते. नवा तवा गंजू नये म्हणून त्याला तेलाचा किंवा मेणाचा हात दिलेला असू शकतो. तो कोमट पाण्याने व साबणाने घासून काढावा, तवा आचेवर पूर्ण कोरडा करावा, आणि मग तेलाचा अगदी पुसट थर देऊन धूर येईपर्यंत तापवावा. निवला की पुन्हा तेच. तापलेल्या लोखंडावर तेलाचे रेणू हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने एकमेकांत गुंफले जातात आणि कठीण, काळसर थर तयार होतो. तव्याला येणारी तुकतुकी ती हीच. या कामाला करडईचे तेल उत्तम. त्यात लिनोलिक आम्लाचे प्रमाण पुष्कळ असल्यामुळे ते लवकर सुकून घट्ट बसते, आणि सोलापूर-मराठवाड्याकडे ते घरोघरी ओळखीचे आहे. खोबरेल तेल येथे फारसे उपयोगी पडत नाही. थर जाड दिला तर तवा चिकट होतो, म्हणून तेल लावल्यावर ते जणू पुसूनच टाकायचे आहे अशा बेताने कापड फिरवावे.

दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. ओतीव कान तव्याइतकेच तापतात, त्यामुळे जाड फडके हाताशी नसेल तर बोटे पोळलीच म्हणून समजावे. ज्यांची मनगटे दुखतात त्यांना दोन किलोंचे हे ओझे रोज उचलणे त्रासाचे होईल; त्यांनी लहान आकाराचा तवा पाहावा. ज्या कार्बनमुळे बीड सहज ओतले जाते, तोच आत ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात राहून त्याला ठिसूळ करतो, म्हणून हा तवा फरशीवर पडला तर त्याला पोचा पडत नाही, तो फुटतो. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतल्यास तडकू शकतो. इंडक्शनवर तो चालतो, परंतु सुरुवातीपासून पूर्ण शक्ती लावू नये. टोमॅटो, चिंच, कोकम घातलेले पदार्थ त्यावर शिजत ठेवले तर थर उतरतो आणि पदार्थ काळवंडतो. आंबट पदार्थ बराच वेळ शिजले तर त्यात लोह अधिक उतरते हे खरे असले, तरी झटपट होणाऱ्या घावनातून किंवा थालीपिठातून फार लोह मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला आहे. एवढ्या गंभीर प्रश्नावरचे औषध म्हणून तवा विकला जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

एवढे सगळे सांभाळूनही हा तवा मला नॉनस्टिकपेक्षा कितीतरी श्रेष्ठ वाटतो, आणि त्यामागचे कारण चवीपलीकडचे आहे. नॉनस्टिकचा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) लेप २६० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडू लागतो, आणि रिकामे भांडे मोठ्या आचेवर राहिले तर ही मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही. लेपावर एकदा ओरखडे पडले की घरी काहीच करता येत नाही. ते भांडे अडगळीत जाते आणि नवे आणावे लागते. बिडाचा तवा गंजला, कोणी घासणीने खरवडला, पावसाळ्यात ओला राहून गेला, तरी घासून, वाळवून, तेल लावून तो त्याच दिवशी पुन्हा चुलीवर चढतो. माणसाच्या हाती एवढी सत्ता देणाऱ्या वस्तू आता घरात फार थोड्या उरल्या आहेत. आमच्याकडे या तव्याने डोशाचा वेगळा तवा, अप्रूपाने आणलेले पॅन आणि सँडविचचे यंत्र या तिन्हींची जागा घेतली. ओट्यावर मोकळी जागा झाली, घासायची भांडी कमी झाली, आणि कोणत्या भांड्यावर कोणते उलथने चालते हा विचार संपला. साधेपणासाठी काही त्यागावे लागते असे आम्हाला कुठेच जाणवले नाही. एक नीट बनवलेली वस्तू आली आणि तीन वस्तूंची गरज उरली नाही.

घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. दहा इंची तवा आम्हाला हजार रुपयांच्या आत मिळाला. ‘प्री-सीझन्ड’ (आधीच तेल मुरवलेले) म्हणून मिळणारे, नाव कोरलेले तवे त्याहून महाग असतात, आणि तेही पहिल्या काही वेळा तेल लावून मुरवावेच लागतात. पृष्ठभागावर तळहात फिरवून पाहावा. वाळूच्या साच्याचा बारीक खरखरीतपणा वापराने व उलथन्याच्या घासण्याने कमी होतो, पण खड्डे किंवा ओतताना अडकलेल्या हवेची छिद्रे दिसली तर तो तवा परत ठेवावा. सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का ते पाहावे. काचेच्या शेगडीवर वापरायचा असल्यास ही तपासणी चुकवू नये. चौघांच्या कुटुंबाला दहा इंची पुरतो. बारा इंची दिसायला भारदस्त असला तरी घरगुती बर्नरवर त्याच्या कडा मध्याइतक्या तापत नाहीत, आणि घावन काठाशी कच्चे राहते.