हेदवीची दोन खोल्यांची सोय आणि 528 रुपयांचा जीएसटी

आधी चांगलं सांगते. नाहीतर म्हणाल, डोंबिवलीकर कोकणात फक्त खोड काढायला जातात.

3 डिसेंबरला आम्ही दोघं मांडवीने चिपळूणला उतरलो आणि तिथून एसटीने हेदवीला. मुक्कामाचं घर एका काका-काकूंचं, वाडीच्या टोकाला, पुढे अंगण, मागे पोफळी. घराच्या एका अंगाला दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या आहेत. एकीत आम्ही, दुसरी रिकामी. गाद्या कडक, चादरी धुतलेल्या, मच्छरदाणी कुठे फाटलेली नाही. आंघोळीचं पाणी बंबातलं, त्यामुळे सकाळी सहाला ओरडून सांगावं लागतं. बाथरूमची कडी लागत नाही. आमच्या ह्यांनी दोन दिवस गाणी म्हणत आंघोळ केली. मोबाइलला रेंज फक्त अंगणातल्या पायरीवर.

जेवणाबद्दल काय लिहू! पहिल्या रात्री कुळथाचं पिठलं, भात, केळफुलाची भाजी. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार आणि दत्तजयंतीही, म्हणून काकूंचा उपास होता, तरी आमच्या ताटात काही कमी नव्हतं. संध्याकाळी नैवेद्याचे मोदक. पारी इतकी पातळ की आतलं सारण दिसत होतं. मी तीन खाल्ले, चौथा काकूंनी न विचारता वाढला. सकाळच्या घावनांबरोबरचा नारळाचा रस मात्र फार गोड होता, गूळ बेतानं घालायला सांगा.

दशभुज गणेशाचं दर्शन घेऊन दुपारच्या भरतीला बामणघळ पाहायला गेलो. पौर्णिमेचं उधाण होतं. खडकाच्या फटीतून पाणी उसळलं आणि माझा चष्मा खारट झाला. बामणघळ पाहायची तर काकांना भरतीची वेळ विचारून निघा. ओहोटीला गेलात तर नुसती कपार दिसेल.

आता बिल. पहिली रात्र बुकिंगच्या ॲपवरून घेतली होती, 2,400 आणि त्यावर 5 टक्के, म्हणजे 2,520. दुसरी रात्र तिथेच राहायचं ठरलं, तेव्हा काका म्हणाले, "आता ॲपबिप नको वहिनी, आपल्यात कशाला." बरं. शुक्रवारी निघताना छापील पावतीपुस्तकातून बिल आलं. खोली 2,400, जेवणं आठ, दर 250, म्हणजे 2,000. बेरीज 4,400. खाली छापलेली ओळ: जीएसटी 12 टक्के, 528. एकूण 4,928.

मी बावीस वर्षं सीएच्या ऑफिसात रिटर्न भरते आहे. सुट्टीवर असले तरी डोळे सुट्टीवर जात नाहीत. पावतीवर जीएसटी नंबर कुठेच नव्हता. "काका, नंबर?" तर म्हणाले, "नंबर नाही हो. पण सगळेच लावतात."

मग पायरीवर बसून तासभर हिशेब झाला. आमचे हे बॅगा घेऊन उभेच. 2022 पर्यंत काकांची खोली 900 रुपयांना जायची, आणि हजाराच्या आतल्या खोलीला जीएसटी माफ होता. त्या वर्षी 18 जुलैपासून ती सूट गेली आणि 12 टक्के लागू झाले. पुण्याच्या पुतण्याने तत्परतेने पावतीपुस्तकं छापून पाठवली. नोंदणी मात्र कुणी केली नाही, करायची गरजही नव्हती. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली तर नोंदणी. काकांच्या दोन्ही खोल्या 365 दिवस भरल्या तरी 17,52,000 होतात. आणि पावसाळ्यात तिथे चिटपाखरू फिरकत नाही, त्यामुळे जेवणं धरूनही ते 20 लाखांच्या जवळपास जात नाहीत. नोंदणी नसेल तर गिऱ्हाइकाकडून कराच्या नावाने पैसा घेताच येत नाही, जीएसटी कायद्याचं कलम 32 तेच सांगतं. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 पर्यंतच्या खोलीला 12 चे 5 झालेत. ते पावतीपुस्तकाला कोण सांगणार?

मला वाटलं काका चिडतील. ते आत गेले आणि ॲपने पाठवलेला हिशेब घेऊन आले. "मग हे काय आहे? माझ्याकडून घेतातच की जीएसटी!" 2,400 वर 18 टक्के कमिशन, 432. त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, 77 रुपये 76 पैसे. हाती आले 1,890. म्हणजे माणूस लबाड नव्हता. आपल्याकडून कापलं जातं ते पाहुण्यांकडून वळतं करायचं, एवढाच त्यांचा हिशेब. हा कर कमिशनवरचा आहे, नोंदणी नसल्यामुळे त्याचा परतावा मिळत नाही, आणि खोलीवरचे 5 टक्के त्यांच्यासारख्या नोंदणी नसलेल्यांच्या वतीने ॲपच सरकारला भरतं, हे त्यांना कुणी कधी समजावलंच नव्हतं. ॲपचे हिशेब इंग्रजीत येतात, बारीक अक्षरात.

त्यांच्या ओळखीतल्या एकांनी वैतागून ॲपवरून घरच काढून टाकलंय. दुसऱ्यांनी ॲपवर 3,000 आणि फोनवर 2,400 असा दुहेरी दर ठेवलाय. काकांनी लगेच तोच मार्ग विचारला. मी मोबाइलवर आकडे मांडले. 3,000 मधून कमिशन आणि त्यावरचा कर जाऊन 2,363 हाती येतात. पाहुणा मोजतो 3,150. यात खोलीवरचा कर 150, तरी शिव्या सगळ्या सरकारला. मी म्हटलं, दर खुशाल 2,700 करा, या मोदकांना तो शोभेल, पण त्याला जीएसटी म्हणू नका. काका म्हणाले, "दर वाढवला की लोक घासाघीस करतात वहिनी. कर म्हटलं की गप्प देतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जाणाऱ्यांनी एवढं करावं: फोनवर ठरवताना जेवणाचा दर आणि एकूण आकडा आधीच विचारा. कुणी जीएसटी लावला तर पावतीवर पंधरा अक्षरी नंबर बघा. ॲपवरून घेतलंत तर कर तिथेच भरलेला असतो, घरी पुन्हा देऊ नका. आणि काकांशी भांडू नका, त्यांनी 528 वर काट मारून 4,400 च घेतले.

पाचपैकी चार तारे. एक कडीसाठी कापला.

निघताना काकूंकडून कोकमाच्या आगळाची बाटली घेतली, 200 रुपयांना. काकांनी पावतीवर आकडा लिहिला, पेन त्या छापील ओळीवर थबकलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "राहू दे. ही भेट."

मी 200 टेबलावर ठेवून एसटी गाठली.