मांडवीजवळचं संखेडा फर्निचरचं छोटं दुकान, नक्की बघा

बडोद्यात पाहुणे आले की आपण त्यांना फत्तेसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची चित्रं दाखवायला नेतो, छानच आहे ते, पण मांडवीच्या गल्लीतलं हे एवढंसं दुकानही दाखवा ना! भाचीच्या बारशासाठी पाळणा घ्यायला गेलो आणि तिथेच रमलो. सगळा माल बडोद्याजवळच्या संखेडा गावचा, सागवानी, लेथवर कातलेला, आणि ती सोनेरी नक्षी म्हणजे सोनं नाहीच, कथलाच्या रंगाने हाताने काढतात, अकीक दगडाने घासतात आणि वर लाख चढली की पिवळी झळाळी येते, दुकानातल्या काकांनी लाखेआधीचा आणि नंतरचा पाय शेजारी ठेवून दाखवला, काय भारी दिसतं ते! जवळून बघा, दोन पायांवरची वेल कधीच डिट्टो सेम नसते, ब्रशचा हात कळतो. मला जुना मरून-सोनेरीच आवडतो, काळा-सिल्व्हर ठीक. किंमत फॅक्टरीच्या पाळण्यापेक्षा जास्त आहे पण घासाघीस करू नका प्लीज, केवढं हाताचं काम आहे. डिलिव्हरीला जरा वेळ लागतो. बजेट नसेल तर छोटा पाट किंवा दांडियाच्या काठ्या घ्या, त्यांच्यावरही तेवढीच मन लावून नक्षी काढलेली असते.