'राम कृष्ण हरी' म्हणाला, आणि मी सही केली

फोनवर त्या माणसाने 'हॅलो' म्हटलंच नाही. 'राम कृष्ण हरी, माउली' म्हणाला. मी तिथेच विरघळले.

आमचं घर फलटणजवळ. आषाढीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तरडगावचा मुक्काम आटोपून फलटणला येते, त्या दिवशी आमच्याकडे एका दिंडीचं जेवण असतं. आजोबांनी सदतीस वाऱ्या केल्या. वडिलांनी मात्र १९७२च्या दुष्काळात बैलजोडी विकली, त्याच संध्याकाळी गळ्यातली तुळशीची माळ काढून देवघराच्या खुंटीला अडकवली. नंतर कधी घातली नाही. बाप-लेक एका छपराखाली बारा वर्षं राहिले; बोलणं आईमार्फत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हेच कादंबरीत लिहिलं. चार वर्षं लागली.

'नवोदितांचे लेखन स्वीकारतो' अशी फेसबुकवर एका प्रकाशकाची जाहिरात होती. मी पीडीएफ पाठवली. तिसऱ्या दिवशी हा फोन: निवड समितीने एकमताने पसंत केली म्हणे. २४० पानं, तीन दिवसांत, तीही अख्ख्या समितीने! चाळीस मुलांचे निबंध तपासायला मला आठवडा लागायचा. त्याने एकाही पात्राचं नाव घेतलं नाही. 'लेखणीत भक्तिरस ओथंबतोय' एवढंच. माझ्या कादंबरीत भक्तीपेक्षा राग जास्त आहे. पहिली वीस पानं जरी वाचली असती तरी कळलं असतं.

५०० प्रतींची आवृत्ती, निम्मा खर्च त्यांचा, निम्मा माझा. माझा निम्मा ६८,००० रुपये. शिवाय आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ३,५०० वेगळे. आईने स्वतःची एफडी मोडली. 'देवाच्या कामाला नाही म्हणू नये,' म्हणाली. भाऊ म्हणाला, आधी करार नीट वाच. मी त्यालाच ऐकवलं, 'माळकरी माणूस आहे तो.' माळ मी पाहिली होती, ती व्हॉट्सॲपच्या फोटोत.

प्रूफ आलं. फॉन्ट बदलताना जोडाक्षरांची वाट लागली होती. प्रत्येक 'वारकऱ्यां'चे 'वारकर्यां' झालेले. दोन रात्री बसून लाल पेनाने ११४ चुका काढल्या आणि पानांचे फोटो पाठवले. 'झालं माउली, काळजी नको.' पुस्तक हातात आलं तेव्हा ११४च्या ११४ जागच्या जागी. मुखपृष्ठावर माळ होती, पण रुद्राक्षांची. आई बराच वेळ कव्हर बघत राहिली. मग म्हणाली, 'ही कुणाची गं?'

घरी पन्नास प्रती आल्या. बाकीच्या 'वितरकांकडे' गेल्या होत्या. सहा महिने विक्रीचा हिशोब मागत होते, उत्तरात रोज सकाळी अभंगाची ओळ आणि फुलांचं चित्र. शेवटी भावाने पुस्तकाच्या चौथ्या पानावरचा मुद्रकाचा नंबर फिरवला. तो बिचारा सरळ माणूस निघाला. 'ताई, आम्हाला साठ प्रतींची ऑर्डर होती.' मग मी साताऱ्यातल्या एका छापखान्यात दर विचारला. सोळा पानांचा एक फॉर्म धरून पंधरा फॉर्म, ५०० प्रती, कागद-बांधणीसकट ४८,०००. म्हणजे माझ्या 'निम्म्या'त अख्खी आवृत्ती निघून वर वीस हजार उरले असते.

आयएसबीएनचं तर हसूच येतं. तो भारतात फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी देते आणि लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. राज्याचं साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं, हेही मला नंतर समजलं, तालुक्याच्या ग्रंथपालांकडून. लाज वाटते सांगायला, पस्तीस वर्षं त्याच ग्रंथालयातून पुस्तकं आणत होते. पैसे भरण्याआधी एकदा विचारलं नाही.

करारात सगळे हक्क त्यांच्याकडे होते. मुदतीची जागा मात्र कोरी. ते नशीबच म्हणायचं. वकिलांनी दाखवलं, १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात. तिथे 'कायमस्वरूपी' लिहिलं असतं तरी मी सही केलीच असती. तुमच्यापुढे असा कागद आला तर मुदत, रॉयल्टीचा टक्का, छापायच्या प्रतींचा आकडा आणि छापखान्याचं बिल लेखकाला दाखवण्याचं कलम, एवढं आधी शोधा. आणि संपादकाने एकही शंका विचारली नसेल, तर त्याने वाचलेलं नाही असं खुशाल समजा.

मध्ये एक गंमत झाली. कुठल्याशा 'राज्यस्तरीय पुरस्कारा'साठी माझी निवड झाल्याचा फोन आला. नोंदणी शुल्क २,१०० रुपये, त्यात शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह. या बाईंनीही सुरुवात 'माउली'नेच केली. माझा नंबर कुठून गेला असेल, हे मी विचारलं नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. प्रकाशकाने उत्तर दिलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, तेवढा दिलासा. फोनचं रेकॉर्डिंग नाही, पण फुलांच्या चित्रांसकट सगळे मेसेज छापून जोडलेत. वकील हसत होते.

उरलेल्या अडतीस प्रती घरात आहेत. दुपारी आई नि मी ओसरीवर बसतो. ती चष्मा लावून 'वारकर्यां' शोधते आणि बोट ठेवते, मी पेनाने दुरुस्त करते. आजवर नऊ प्रती झाल्या. परवा वडिलांनी बैल विकल्याच्या पानावर तिचं बोट थांबलं. तिथे एकही चूक नव्हती.