नवी पेठेतला फ्रेमवाला, 5 पैकी 4 स्टार

माझ्याकडे आर्ट स्कूलच्या दिवसांतलं एक चारकोल, म्हणजे कोळशाच्या कांडीने काढलेलं चित्र आहे, लाइफ क्लासमधलं, जिथं समोर माणूस बसवून काढतात. म्हातारी बाई पाठमोरी बसलीय, अंगावर कपडा नाही, पाठीचे मणके एकेक मोजून घ्यावेत असे. 26 वर्षं गुंडाळी करून कपाटावर पडलं होतं, यंदा ठरवलं फ्रेम करायचीच. आधी दुसऱ्या एका दुकानात गेलो, नाव घेत नाही. कागद उघडल्याबरोबर माणूस परत गुंडाळायला लागला, म्हणे सर दुकानात बायका येतात, करायचंच असेल तर माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी, वर घेतो म्हणजे खालचं झाकून जाईल. त्या गडबडीत त्याचा अंगठा चारकोलवरून फिरला, खांद्यावर डाग पडला तो पडलाच.

मग कुणीतरी या गल्लीतल्या दुकानाचं सांगितलं. यांनी कागद उघडला, हात न लावता वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न, "फिक्सेटिव्ह मारलाय का सर?" म्हणजे चारकोल पुसू नये म्हणून मारायचा स्प्रे. बास, तिथंच मला जिंकलं. कागद चिकटवला नाही, वरच्या कडेला दोन ठिकाणी पेपर टेप लावून नुसता लटकवला, काच आणि कागद यांच्यात बारीक पट्टी टाकली कारण काच टेकली की चारकोल काचेला लागतो. माउंट चारी बाजूंनी सारखा, कुठंही काही झाकलेलं नाही.

मी चित्रकला शिकवतो म्हणून हे जरा जास्त लागतं मनाला. व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपलमध्ये मायकेलअँजेलोच्या उघड्या आकृत्यांवर 1565 साली दुसऱ्या चित्रकाराकडून कापडं रंगवून घेतली होती, माउंट वर घेणं म्हणजे तेच की ओ. आणि भीती कशाची ते मला कळतं. 1990 मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला फोटोग्राफर मॅपलथॉर्पचे फोटो लावले म्हणून म्युझियम आणि त्याच्या डायरेक्टरवर अश्लीलतेचा खटला झाला, ज्युरीने सोडलं, पण केस झाली ती लावणाऱ्यावर. तेहरानच्या म्युझियमने 1979 च्या क्रांतीनंतर पिकासो, बेकन या चित्रकारांचे कॅनव्हास वर्षानुवर्षं तळघरात ठेवले, फाडले नाहीत, सांभाळले, पण बघायला कुणाला मिळाले? आणि चित्रकार एम. एफ. हुसेन तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, पंढरपूरचे. 2008 ला दिल्ली हायकोर्टाने त्यांच्यावरच्या अश्लीलतेच्या केसेस रद्द केल्या आणि त्याच वर्षी दिल्लीतल्या आर्ट समिटमध्ये राडा होईल या भीतीने त्यांचं एकही चित्र लावलं नाही. कोर्टाने हो म्हटलं तरी भिंत देणारा माणूस लागतोच. 2010 ला त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, 2011 ला लंडनमध्ये वारले.

मी फ्रेमवाल्यांना विचारलंच, तुम्हाला कुणी काही बोललं तर? म्हणाले, "चित्र तुमचं, काच माझी. काचेला काय झालं तर मला बोला."

आता तक्रारी. 4 दिवस सांगून 11 दिवस लावले, फोन उचलत नाहीत, मागचे हुक हलके आहेत ते मी घरी बदलले. दर बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त, माझ्या 18 बाय 24 ला 1,350 झाले, बारीक सागवानी पट्टी धरून. चारकोल, पेस्टल, जुने फोटो असतील तर इथंच द्या. फ्रेम हॉलमध्ये लावलीय, दारातून आत आलं की समोरच.