5 किलोची कोकोपीट वीट: घ्या, पण मीठ काढूनच वापरा

फूटभर लांब-रुंद, हाताला लाकडासारखी कडक अशी ही नारळाच्या सोडणाच्या भुशाची वीट. मोठ्या टबात ठेवून 20-25 लिटर पाणी घातलं की तासाभरात फुगते आणि 65-70 लिटर मोकळा भुसा हाती येतो. गच्चीवर वजनाची धास्ती असणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय. इथवर पैसे वसूल.

मात्र पाकिटावरच्या ‘लो ईसी, वॉश्ड’वर (म्हणजे क्षार कमी, धुतलेलं) विसंबू नका. नारळाच्या सोडणात मुळातच पोटॅशियम आणि सोडियम असतं. ते सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलेलं असेल तर मीठ आणखी वाढतं आणि रोपांच्या पानांची टोकं करपतात. तपासणी घरीच होते. पिण्याच्या पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घ्या, आधी नळाचं पाणी मोजा. मग फुगलेलं कोकोपीट मुठीत घट्ट पिळा आणि वाटीत पडलेलं चहासारखं तांबूस पाणी मोजा. फरक 300 च्या आत असला तर माल उत्तम. जास्त असला तर कोकोपीट जाळीदार पोत्यात भरून पाणी सोडा, निथळू द्या, पुन्हा सोडा. साधारण दोन-तीन धुण्यांत आकडा उतरतो.

एवढ्याने सुटं मीठ जातं, कणांना धरून बसलेलं जात नाही. असं कोकोपीट पुढे झाडाच्या वाट्याचं कॅल्शियम ओढून घेतं. टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडण्यामागे बरेचदा कॅल्शियमची अशी टंचाई असते. लोक मात्र रोग समजून फवारत बसतात. उपाय: 20 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात धुतलेलं कोकोपीट 24 तास भिजवा, निथळा, साध्या पाण्याने एकदा धुवा. टोमॅटो, मिरची, ढोबळीसाठी हे टाळू नका. पालेभाज्यांना नुसतं धुणं पुरतं.

विक्रेते ‘निम्मी माती, निम्मं कोकोपीट’ सांगतात, ते आम्हाला पटत नाही. कोकोपीट ओल धरतं, झाडाला पोसत नाही. देशावरच्या काळ्या मातीसाठी 10 घमेल्यांत 4 माती, 3 चांगलं कुजलेलं शेणखत, 2 कोकोपीट, 1 जाड वाळू, आणि 12 इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकणातल्या तांबड्या मातीत पाणी टिकत नाही, तिथे वाळू वगळून कोकोपीट 3 घमेली चालेल.

पावसाळ्यात जपा. वरचा थर कोरडा दिसतो, खाली गच्च ओल असते आणि मेथी-कोथिंबीर बुडातून सडते. बोट दोन पेरं खुपसून पाहिल्याशिवाय पाणी घालू नका. आणि पहिल्या धुण्याचं ते तांबूस पाणी ‘वाया कशाला’ म्हणून दुसऱ्या कुंड्यांत ओतू नका, बरंचसं मीठ त्यातच उतरलेलं असतं.