सेलेरिओचं ॲव्हरेज: कागदावर २५, इंदूरच्या रस्त्यावर किती?

मारुती सेलेरिओ ही शहरासाठी उत्तम छोटी गाडी आहे, पण जिचा सगळा वापर रामबाग, राजवाडा, जवाहर मार्ग आणि पलासिया एवढ्यातच होणार आहे, तिचं महिन्याचं पेट्रोल ब्रोशरच्या आकड्यावरून काढू नका. कंपनी मॅन्युअलला लिटरमागे २५.२४ किलोमीटर सांगते. १५ इंची चाकांच्या झेडएक्सआय प्लस या प्रकारातल्या मॅन्युअलला २४.९७, आपोआप गिअर बदलणाऱ्या एएमटी व्हीएक्सआयला २६.६८ आणि सीएनजीला किलोमागे ३४.४३. यातला एकही आकडा खोटा नाही. फक्त तो ज्या परिस्थितीत काढला जातो, ती मे महिन्यात दुपारी नवलखा चौकात कधीच नसते.

चाचणी होते बंद प्रयोगशाळेत, रोलरवर. एकूण १,१८० सेकंद, जेमतेम १०.६ किलोमीटर. आधी १९५ सेकंदांचा शहरी तुकडा चार वेळा, त्यात वेग ५० च्या वर जात नाही. मग ४०० सेकंदांचा मोकळ्या रस्त्याचा तुकडा, त्यात कमाल ९०. थांबे धरूनही सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास पडतो. खोलीचं तापमान २० ते ३० अंश, एसी बंद. इंधनही टाकीतून मोजत नाहीत, धुरातल्या कार्बनवरून त्याचा हिशेब निघतो. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक इंदूरकरांना ठाऊक आहे, पण ॲव्हरेजचा हा आकडा अशा ट्रॅकवर पळवून काढलेला नसतो. मोजपट्टी सगळ्यांना एकच असल्यामुळे तुलनेला तो चांगला आहे. ऑल्टो के१० मॅन्युअल २४.३९, वॅगनआर १.० मॅन्युअल २४.३५. म्हणजे सेलेरिओ पुढे आहे, पण जेमतेम साडेतीन टक्क्यांनी. तेवढा फरक चालवणाऱ्याच्या पायातच असतो, त्यामुळे केवळ त्यासाठी वॅगनआरची ऐसपैस जागा सोडू नये.

खरा खड्डा पडतो तो उभ्या गाडीत. एक लिटरचं इंजिन एसी चालू ठेवून नुसतं उभं राहिलं तर तासाला साधारण ९०० मिलिलिटर पेट्रोल घेतं. आता पाच किलोमीटरची एक फेरी धरा. गाडी पळते तेवढ्या वेळात ती २० चं ॲव्हरेज देतेय असं समजू, म्हणजे २५० मिलिलिटर झालं. वाटेत सिग्नल आणि कोंडी मिळून दहा मिनिटं उभी राहिली तर त्यात १५० ची भर. एकूण ४००, ॲव्हरेज साडेबारा. थांबा पाचच मिनिटांचा असता तर १५.४ मिळाले असते. गाडी तीच, पाय तोच, पेट्रोलही तेच. म्हणून मोकळ्या सुपर कॉरिडॉरवर राहणारा एक जण आणि गजबजलेल्या जेल रोडवर दुकान असणारा दुसरा एकाच मॉडेलबद्दल वेगळं बोलतात, आणि दोघांचंही खरं असतं.

या हिशेबाने मॅन्युअल सेलेरिओकडून उन्हाळ्यात एसीसकट गावात १४ ते १६ धरावेत, डिसेंबर-जानेवारीत एसीविना १८ पर्यंत. बायपासवर ८० च्या स्थिर वेगाने २२-२३ मिळतात. तिथेच ११० ने हाकली तर हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि चार-पाच किलोमीटर सहज जातात. एवढं उंच आणि हलकं अंग असलेल्या गाडीला हे जास्तच भोवतं.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी आयडल स्टॉप सोय उभ्या गाडीतल्या या खर्चावरच उपाय म्हणून दिलेली आहे. ती चांगली आहे, बटण दाबून बंद करू नका. पण मॅन्युअलमध्ये गिअर न्यूट्रलला घेऊन क्लचवरून पाय काढल्याशिवाय ती कामच करत नाही, आणि पुष्कळ जण पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभे असतात. शिवाय एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबलं की थंडावा थांबतो, म्हणून ४० अंशांत ती सोय फार टिकत नाही, इंजिन पुन्हा सुरू होतं. जिथे ती सर्वाधिक हवी, तिथेच कमी मिळते. बॅटरी बदलताना मूळ प्रकारचीच, म्हणजे ईएफबी (इंजिन वारंवार बंद-चालू होणं सोसणारी) घ्या. स्वस्तातली साधी बॅटरी टाकली तर ती लवकर खचते, आणि बॅटरी अशक्त आहे असं दिसलं की गाडी इंजिन बंद करणंच सोडते.

एएमटीला मॅन्युअलपेक्षा जास्त आकडा का? चाचणीत मॅन्युअलचे गिअर कोणत्या सेकंदाला बदलायचे ते ठरवून दिलेलं असतं. एएमटी आपल्या मर्जीने लवकर वरचा गिअर घेते. आपल्या चौकात मात्र ती दुसऱ्या-तिसऱ्यात घुटमळते. सोयीसाठी जरूर घ्या, विजयनगर ते भंवरकुआं रोजचं जाणं असेल तर गुडघे दुवा देतील. ॲव्हरेजसाठी म्हणून घेऊ नका.

सीएनजीचा हिशेब घालताना एक गोष्ट हमखास सुटते. मारुतीची सीएनजी गाडी आधी पेट्रोलवर सुरू होते आणि मग गॅसवर जाते. टाटा टियागो सीएनजी थेट गॅसवर सुरू होते. दिवसातून सहा वेळा दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्याच्या सेलेरिओत पेट्रोलचा काटाही हळूहळू उतरत राहतो. फेऱ्या लांब असतील तर हा मुद्दा उरत नाही, आणि कागदावर टियागो मॅन्युअलच्या २६.४९ पुढे सेलेरिओ फारच सरस आहे.

इथेनॉलचंही धरा. लिटरला लिटर पाहिलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई१० साठी, म्हणजे १० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, जुळवलेल्या जुन्या चारचाकींना ई२० वर, म्हणजे २० टक्क्यांच्या मिश्रणावर, ६ ते ७ टक्क्यांची घट येईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिलेला होता. म्हणजे १६ चे १५. गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असेल तर एवढ्या घटीसाठी इंजिन उघडू देऊ नका.

ॲव्हरेज स्क्रीनवर बघू नका, ती बहुधा चढंच सांगते. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप तुटेपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा. किमान ३०० किलोमीटर चालवून त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. दहा लिटरवर मोजलं आणि कट एक लिटरने चुकला, तर दहा टक्क्यांची चूक झाली. २० लिटरवर तीच पाच टक्के होते. कटनंतर ‘राउंड फिगर’ करायला सांगू नका, जादाचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि तो बिघडतो.

इतकं करूनही आकडा १२ च्या खाली असेल तर दोष गाडीत शोधा. आधी हवा: सकाळी गार टायरमध्ये, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. गरम टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो आणि पंपवाला तेवढी काढून टाकतो. मग एअर फिल्टर. जिथे खोदकाम चालू आहे तिथून रोज जात असाल तर तो वेळेआधीच भरतो. गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-१६ हे पातळ ऑइल लिहिलं असताना गॅरेजमध्ये २०डब्ल्यू-४० हे जाड ऑइल ओतलं गेलं नाही ना, ते बिलावर पाहा. शेवटी ब्रेक: पाच किलोमीटर, शक्यतो ब्रेक न दाबता चालवून चारही चाकांजवळ हात न्या. पुढचं एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापलेलं असेल तर बहुधा कॅलिपरची (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन अडकलेली आहे. ती काढून, साफ करून ग्रीस लावायला सांगा.