सोलर बोटीच्या नावाखाली साडेतीन लाखांना चुना

देवबागला कर्ली नदीत पर्यटकांची बोट चालवतो. माझ्यासारख्या कुणाला ‘सोलर बसवा, दिवसभर फुकट फिरा’ म्हणून फोन आला, तर आधी हे वाचा. विकणारी पार्टी पुण्याची. नाव लिहीत नाही, वकिलाने हात जोडून सांगितलंय.

मोटर माझी आधीचीच, ४८ व्होल्टची, पाच किलोवॅट. ती ठणठणीत आहे. लुबाडलं ते बाकीच्यात. कोटेशन असं: ३३० वॅटचे चार पॅनल ४६,०००, ‘२०० एएच लिथियम’ बॅटरी (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) २,३५,०००, ‘एमपीपीटी’ चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत भरणारा डबा) १८,५००, पाच केव्हीए इन्व्हर्टर ६२,०००, फिटिंग २५,०००. बेरीज ३,८६,५००. त्यातले ३,५०,००० माझ्याकडून गेले. उरलेल्या ३६,५०० साठी तो मलाच नोटिशीची धमकी देतो, काय म्हणावं!

फशी पडलो ते केरळच्या व्हिडिओवर. वैक्कमची ‘आदित्य’ फेरी, २०१७ पासून चालणारी, ७५ माणसं नेते. ते खरंच आहे. पण तिच्या छतावर २० किलोवॅटचे पॅनल आहेत आणि तीसुद्धा धक्क्यावर विजेवर चार्ज होते, हे त्याने सांगितलं नाही. माझ्या चार पॅनलचे होतात १,३२० वॅट. कोकणच्या कडक उन्हात दिवसाला पाच युनिट पदरात पडले तरी खूप. पाच किलोवॅटची मोटर पूर्ण जोरात चालवली तर तासाभरात तेवढे फस्त करते. कोटेशनवर सही करण्याआधी हा गुणाकार करा, कागद-पेन पुरतं.

आता तो क्षण, जो आठवला की अजून कपाळ बडवावंसं वाटतं. बॅटरी धक्क्यावर उतरवली ती दोन पोरांनी, गप्पा मारत. माझा खलाशी म्हणाला, “दादानू, ही एवढी हलकी कशी ओ?” फिटर हसला, “नवी टेक्नॉलॉजी आहे साहेब, लिथियम हलकीच असते.” लिथियम शिशाच्या बॅटरीपेक्षा हलकी असते हे मीही ऐकून होतो, मग शंका कशी घेणार? ४८ व्होल्टच्या खऱ्या २०० एएच, म्हणजे जवळपास दहा युनिटच्या बॅटरीचं वजन ८० ते १०० किलो भरतं, हे मला कोणत्या शाळेत शिकवलं होतं? पुढे मासळीच्या काट्यावर चढवली तेव्हा ४७ किलो भरली. शंभर एएचचा माल, वर दोनशेचं स्टिकर. वजन करूनच पैसे द्या, काटा प्रत्येक बंदरावर असतो.

कळलं कधी? कोल्हापूरची मंडळी बोटीत, ओहोटीचा जोर, नदी समुद्राला मिळते त्या संगमाच्या अलीकडे मोटर बंद. चुलतभावाच्या डिझेल बोटीने ओढून आणलं आणि पाहुण्यांनी त्याचं शूटिंग केलं.

मग कुडाळच्या मेकॅनिकने कंट्रोलर उघडला. खऱ्या एमपीपीटीत जाडजूड तांब्याचं कॉइल असतं, त्यानेच पॅनलचा जादा व्होल्टेज करंटमध्ये बदलतो. आत कॉइलच नव्हतं. साधा पीडब्ल्यूएम, म्हणजे जादा व्होल्टेज वाया घालवणारा स्वस्त प्रकार, वर छापलेलं ‘एमपीपीटी’. भर दुपारी क्लॅम्प मीटरवर बॅटरीकडे जेमतेम १३ अँपिअर. पॅनल तेवढे खरे निघाले.

आणि इन्व्हर्टर! माझ्या मोटरचा कंट्रोलर थेट बॅटरीवर चालतो, मध्ये इन्व्हर्टरचं काम काय? चार एलईडी, एक स्पीकर, पाहुण्यांचे मोबाइल. त्याला ४८ चे १२ व्होल्ट करणारा छोटा डीसी कन्व्हर्टर पुरला असता. हा घरगुती डबा नुसता चालू ठेवला तरी ७० वॅट खात बसतो, आणि खाऱ्या हवेने त्याच्या बोर्डावर हिरवट गंज चढला. ‘प्युअर साइन’, म्हणजे घरच्या विजेसारखी स्वच्छ वीज देणारा, म्हणून दिला होता, पंखा लावला की घूं घूं करतो.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, “माल मिळालाय ना? मग हा दिवाणी मामला.” सायबरवाले म्हणाले, “पैसे तुम्हीच पाठवलेत.” बंदरावरचे साहेब म्हणाले, “आम्ही बोट तपासतो, बॅटरी नाही.” एका कार्यालयात बाबूने चहा संपेपर्यंत उभं ठेवलं आणि वर शहाणपण शिकवलं: तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. खोटं! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणारा ग्राहकच धरलाय. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे मला वकिलाने सांगितलं. सरकारी पगार घेणाऱ्या एकानेही नाही.

तक्रार दाखल केलीय. पण जीएसटीचं पक्कं बिल नाही, हातात नुसतं कोटेशन. वकील त्यावरच डोकं धरून बसलाय. पक्कं बिल आल्याशिवाय दुसरा हप्ता सोडू नका. आणि खात्याचं नाव बघा: माझे दीड लाख फर्मच्या खात्यात गेले, पुढचे दोन लाख कुणा ‘पुतण्या’च्या. पोलीस ठाण्यात मला सुचवलं काय, तर पुतण्याचं नाव तक्रारीतून काढा, उगाच प्रकरण वाढतं. मी काढलेलं नाही.